दुर्ग जंक्शन आणि चोवीस पोर्टचा स्विच

मी दुर्गचा आहे असं सांगितलं की डॉर्मिटरीत हमखास प्रश्न येतो, "कुठला? सिंधुदुर्ग की विजयदुर्ग?" आमचं दुर्ग नुसतंच दुर्ग. छत्तीसगडमधलं जिल्ह्याचं गाव, भिलाईच्या अगदी खेटून, मुंबई–हावडा मुख्य मार्गावरचं जंक्शन. १९५६ पर्यंत आमचा जिल्हा ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती, त्यामुळे तिथे आमच्यासारखी जुनी मराठी घरं बरीच आहेत. माझे काका तिथे नेटवर्कची कामं करतात. कॅमेरे बसवणं, इंटरकॉम, वायफाय, वायरी ओढणं असं सगळं. मे महिन्याच्या सुटीत मी त्यांच्याबरोबर पक्कड आणि टेस्टर घेऊन फिरलो आणि एक गोष्ट नीट समजली, ती या पानावर लिहितो आहे. कॉम्प्युटर लॅबमध्ये भिंतीवरच्या जाळीच्या कपाटात हिरवे दिवे लुकलुकणारी जी चपटी पेटी असते, तिच्याबद्दल हा लेख आहे.

त्या पेटीला स्विच म्हणतात. तिला आठ, सोळा, चोवीस किंवा अठ्ठेचाळीस भोकं असतात, त्यांना पोर्ट म्हणायचं. प्रत्येक पोर्टला एकेक यंत्र जोडलेलं असतं. कोणतं यंत्र कोणत्या पोर्टवर आहे हे स्विच आपोआप शिकतो आणि एकाचं पॅकेट दुसऱ्याला नेऊन देतो. (नेमकं बोलायचं तर स्विचच्या पातळीवर त्याला फ्रेम म्हणतात, पण काकांसकट सगळे पॅकेटच म्हणतात, म्हणून मीही तेच लिहितो.) साधा स्विच एवढंच करतो. त्याला कोणी काही सांगू शकत नाही. मॅनेज्ड स्विच मात्र आपलं ऐकतो. ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाकून, पासवर्ड देऊन आत गेलं की त्याला दोन प्रकारचे हुकूम देता येतात. कोणी कोणाशी बोलायचं नाही, हा एक. आणि गर्दी झाली तर आधी कोणी जायचं, हा दुसरा. बहुतेक लोक या दोन्हींची गल्लत करतात. एक केलं की दुसरं आपोआप झालं असं त्यांना वाटतं. तसं होत नाही, आणि ते मी डोळ्यांनी पाहिलं.

जागा होती दुर्गमधलं एक छोटं रुग्णालय. नाव लिहीत नाही, कारण नावाची गरज नाही. एका अरुंद गल्लीच्या दोन बाजूंना दोन इमारती. जुन्या इमारतीत वॉर्ड, एक्स-रेची खोली आणि रिसेप्शन. नव्या इमारतीत ड्युटी डॉक्टरांची खोली, सर्व्हर, टेलिफोनचं एक्स्चेंज, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर आणि इंटरनेटचं कनेक्शन. दोन्हीकडे एकेक चोवीस पोर्टचा स्विच आणि गल्लीखालून गेलेली एकच केबल. तक्रार अशी होती की रात्री अकरानंतर वॉर्डातून सिस्टर फोन करतात तेव्हा आवाज तुटतो. डॉक्टर काकांना म्हणाले, "सिस्टर औषधाचा आकडा सांगतात आणि मधलाच शब्द गायब होतो. पाँच म्हणाल्या की पचास, हे मी अंदाजाने ठरवू का?" ते आता फोन ठेवून सरळ गल्ली ओलांडून पळत जात. सिस्टरही तसंच करत. म्हणजे तेवढा वेळ वॉर्डात कोणी नाही.

काकांनी विचारलेला पहिला प्रश्न मला फार आवडला. "तुटक कोणाला ऐकू येतं, दोघांना की एकाला?" उत्तर आलं, फक्त डॉक्टरांना. सिस्टरना डॉक्टर अगदी स्वच्छ ऐकू येत होते. आजच्या नेटवर्क केबलमध्ये जायचा आणि यायचा मार्ग वेगळा असतो, डबल लाईनसारखा. एका दिशेला गर्दी असली तरी दुसरी दिशा मोकळी असू शकते. म्हणजे दोष फोनमध्ये नव्हता आणि एक्स्चेंजमध्येही नव्हता. जुन्या इमारतीकडून नव्या इमारतीकडे जाणारा रस्ता रात्री अकरा वाजता भरत होता.

का भरत होता? जुन्या इमारतीत सोळा कॅमेरे. प्रत्येकाचं चित्र सेकंदाला सुमारे ४ मेगाबिट, म्हणजे सगळ्यांचे मिळून ६४. ते सगळं नव्या इमारतीतल्या रेकॉर्डरकडे चोवीस तास वाहतं. केबलची क्षमता १०० मेगाबिट. दोन्ही स्विच १००० मेगाबिटचे होते, पण त्या वेगाला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या धड लागतात आणि गल्लीखालच्या जुन्या केबलच्या दोनच जोड्या शाबूत होत्या. दोन जोड्यांवर १०० चालतं, म्हणून ते चाललं होतं. गल्ली खणायची परवानगी आणि पैसे दोन्ही पावसाळ्यानंतर, असं रुग्णालयाचं म्हणणं. आणि रात्री अकराला एक्स-रेच्या कॉम्प्युटरचा दिवसभराच्या फोटोंचा बॅकअप सुरू होई. बॅकअपचा स्वभाव पाण्यासारखा असतो, जेवढी जागा मिळेल तेवढी भरतो. त्याला १०० द्या, तो १०० भरेल. २०० दिले तर २०० भरायला बघेल. त्यामुळे नुसती जाड केबल टाकली की प्रश्न कायमचा मिटतो, हेही अर्धंच खरं आहे.

आता फोनचं गणित बघा. मला हे सगळ्यात आश्चर्याचं वाटलं. साध्या इंटरनेट फोनमध्ये आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतात, प्रत्येक नमुना एका बाइटचा. दर २० मिलिसेकंदांच्या आवाजाचं एक पॅकेट बनतं, म्हणजे १६० बाइट, आणि सेकंदाला अशी ५० पॅकेटं. पत्ते वगैरे जोडून एका बाजूचं बोलणं सेकंदाला १०० किलोबिटच्या आतच बसतं. वॉर्डातले बाराही फोन एकदम बोलू लागले तरी १.२ मेगाबिट. १०० च्या रस्त्यावर सव्वा टक्कासुद्धा नाही! म्हणजे फोनला जागा नको होती. त्याला वेळेवर जायचं होतं, एवढंच. बॅकअपचं पॅकेट हरवलं तर कॉम्प्युटर ते पुन्हा मागतो, कोणाला कळतही नाही. बोललेला शब्द पुन्हा मागता येत नाही. तो येईपर्यंत पुढचं वाक्य सुरू झालेलं असतं.

पहिल्या दिवशी काकांनी वेगवेगळे कप्पे पाडायचं काम घेतलं. याला व्हीलॅन म्हणतात. आपल्या शाळेच्या भाषेत सांगतो. समजा चारही हाऊस एकाच प्रचंड डॉर्मिटरीत झोपतात. रात्री एकजण ओरडला, "माझा बेल्ट कोणी नेला?" की सगळ्या हाऊसची झोप मोडणार. नेटवर्कवरची यंत्रं असंच सारखं ओरडत असतात. "अमुक पत्ता कोणाचा आहे?" ही हाक स्विच प्रत्येक पोर्टवर पोचवतो. पेशंटच्या नातेवाइकाचा मोबाइल वायफायला जोडला की तोही त्याच डॉर्मिटरीत येतो. त्याने ठरवलं तर कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरचं लॉगिनचं पान किंवा बिलिंगचा कॉम्प्युटर त्याच्या हाताच्या अंतरावर. रुग्णालयात अगदी हेच होतं. व्हीलॅन म्हणजे त्या डॉर्मिटरीत भिंती घालणं. एका हाऊसची हाक त्याच हाऊसमध्ये राहते. गंमत अशी की भिंत विटांची नाही, आकड्याची आहे.

तो आकडा कुठे असतो? १९९८ साली ८०२.१क्यू नावाचं प्रमाण आलं. त्यात पॅकेटच्या सुरुवातीच्या पत्त्यांनंतर चार बाइटची एक चिठ्ठी घुसवतात, तिला टॅग म्हणतात. चार बाइट म्हणजे ३२ बिट. पहिले १६ बिट "पुढे चिठ्ठी आहे" एवढंच सांगतात. नंतरचे ३ बिट प्राधान्याचे. नंतर १ बिट असतो, तो म्हणतो की अगदीच अडचण झाली तर मला आधी टाकून द्या. उरलेले १२ बिट व्हीलॅनच्या क्रमांकाचे. बारा बिटांत ४०९६ आकडे बसतात. पहिला आणि शेवटचा राखीव, म्हणून ४०९४ व्हीलॅन करता येतात. तीन बिटांत आठ आकडे, शून्य ते सात, म्हणजे प्राधान्याच्या आठ पायऱ्या. एकाच चिठ्ठीवर दोन वेगळे रकाने आहेत हे इथेच लक्षात ठेवा. कुठल्या हाऊसचा, हा एक रकाना. किती घाईचा, हा दुसरा.

काकांनी लॅपटॉप उघडायच्या आधी बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर तक्ता काढला. १० म्हणजे ऑफिस, बिलिंग आणि एक्स-रे. २० म्हणजे फोन. ३० म्हणजे कॅमेरे. ४० म्हणजे पाहुण्यांचं वायफाय. मग जुन्या इमारतीच्या स्विचवर कोणत्या पोर्टला काय जोडलं आहे ते मला वायर धरधरून शोधायला लावलं. यातच अर्धा दिवस गेला, कारण आधी ज्याने काम केलं होतं त्याने एकाही वायरीला चिठ्ठी लावलेली नव्हती. कॅमेऱ्याला किंवा साध्या कॉम्प्युटरला टॅग वगैरे काही कळत नाही. म्हणून त्यांचे पोर्ट ॲक्सेस पोर्ट ठेवतात. पॅकेट आत येताना स्विच स्वतः ठरवतो की या भोकातून आलं म्हणजे ३० चं, आणि बाहेर देताना चिठ्ठी काढून देतो. दोन इमारतींना जोडणारा चोविसावा पोर्ट मात्र ट्रंक. त्या एकाच वायरीतून चारही व्हीलॅन जायचे असतात, म्हणून तिथे प्रत्येक पॅकेट चिठ्ठीसकट जातं आणि पलीकडचा स्विच चिठ्ठी वाचून योग्य कप्प्यात टाकतो. रिसेप्शनवर जरा वेगळं होतं. तिथे भिंतीत एकच वायर, ती फोनला, आणि फोनच्या पाठीमागून कॉम्प्युटरला. त्या पोर्टवर १० चिठ्ठीविना आणि २० चिठ्ठीसह, असं दोन्ही द्यावं लागलं.

भिंती घातल्या की दारंही लागतात. डॉक्टरसाहेबांना आपल्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर कॅमेरे बघायचे होते. १० मधून ३० मध्ये स्विच थेट जाऊ देत नाही, मध्ये राउटर लागतो, आणि कोणाला सोडायचं याचे नियम त्या राउटरवर लिहायचे. पाहुण्यांना फक्त इंटरनेट, बाकी सगळं बंद. प्रत्येक कप्प्यात पत्ते वाटण्याची सोयही वेगळी करावी लागते, कारण "मला पत्ता द्या" ही हाकसुद्धा भिंतीपलीकडे जात नाही. तेवढं सोपं आहे, त्यावर जास्त लिहीत नाही.

दोन व्यवहाराच्या गोष्टी मात्र लिहितो, कारण लॅबमध्ये कधी हात लावायची परवानगी मिळाली तर उपयोगी पडतील. आधी लांबच्या स्विचची सेटिंग बदलायची, मग हाताजवळच्याची. उलटं केलं तर मधली वाट आपणच मोडतो आणि गल्ली ओलांडून जावं लागतं. आणि 'सेव्ह' सगळ्यात शेवटी. पुष्कळ स्विचमध्ये बदल लगेच लागू होतो पण कायम होत नाही. चुकून स्वतःलाच बाहेर काढलंत तर वीज बंद करून चालू करा, जुनी सेटिंग परत येते. पण काम जमल्यावर सेव्ह करायला विसरलात, तर रात्री लाइट गेली की सगळी मेहनतही गेली.

संध्याकाळपर्यंत चारही कप्पे झाले. पाहुण्यांच्या वायफायवरून मी रेकॉर्डरचं पान उघडून बघितलं, उघडलं नाही. मला वाटलं, झालं काम. काका म्हणाले, "थांब, अकरा वाजू देत." अकरा वाजले, बॅकअप सुरू झाला, आणि वॉर्डातल्या फोनवर आवाज पुन्हा तुटायला लागला. काल जसा तुटत होता तसाच! काकांना याचं काहीच वाटलं नाही. "अरे, आज फक्त भिंती घातल्या. गल्लीखालची वायर एकच आहे ना? चार घरं वेगळी केली तरी चौघांच्या गाड्या त्याच रस्त्यावर."

इथे मला आमचं स्टेशन आठवलं. दुर्गला सगळ्या प्रकारच्या गाड्या एकत्र भेटतात. दल्ली राजहराच्या खाणींकडून येणारा फाटा तिथे मिळतो, आणि त्या खाणींचं लोहखनिज रेल्वेनेच भिलाईच्या पोलाद कारखान्यात जातं. कारखान्यातली पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली, तेव्हापासून आमच्या भागात मालगाड्यांना खंड नाही. कोळसा आत, रूळ बाहेर. त्याच मार्गावर मुंबई–हावडा मेल, आझाद हिंद (मी सुटीत घरी जातो ती हीच), आणि डिसेंबर २०२२ पासून नागपूर–बिलासपूर वंदे भारत. वंदे भारत यायची असली की मालगाडी बाजूच्या लूप लाईनवर उभी करतात. मालगाडीचे डबे वेगळे आहेत, तिच्यात कोणी प्रवासी चढत नाही, हे वेगळेपण झालं. पण वेगळेपणामुळे वंदे भारत पुढे जात नाही. ती पुढे जाते, कारण कंट्रोलमध्ये बसलेल्या माणसाने कोणाला थांबवायचं ते ठरवलेलं असतं.

स्विचमध्ये लूप लाईन म्हणजे रांगा. प्रत्येक पोर्टच्या बाहेर पडायच्या तोंडाशी काही रांगा असतात, या स्विचमध्ये चार होत्या. सेटिंग न करता सगळी पॅकेटं एकाच रांगेत उभी राहतात, जो आधी आला तो आधी. समजा पुढे ३०० मोठी पॅकेटं आहेत. एक मोठं पॅकेट १०० मेगाबिटच्या तारेवर जायला सुमारे ०.१२ मिलिसेकंद घेतं, म्हणजे फोनच्या छोट्या पॅकेटला ३६ मिलिसेकंद थांबावं लागेल, कधी कमी, कधी जास्त. एवढ्याने बोलणं थोडं डळमळेल, पण मोडणार नाही. खरं संकट पुढचं आहे. स्विचची साठवायची जागा थोडी असते. रांग भरली की नवीन आलेलं पॅकेट तो सरळ टाकून देतो. ते बॅकअपचं आहे की "पचास" मधल्या "चा"चं आहे, हे तो बघत नाही.

दुसऱ्या दिवशी काकांनी फोनला स्वतंत्र रांग दिली आणि तिला सक्त प्राधान्य. अर्थ असा की त्या रांगेत एक जरी पॅकेट असेल तर बाकीच्या रांगांकडे बघायचंच नाही. आता फोनच्या पॅकेटला दुसऱ्या कोणासाठी जास्तीत जास्त किती थांबावं लागेल? एकाच मोठ्या पॅकेटपुरतं, ०.१२ मिलिसेकंद. तेवढंही का, तर जे पॅकेट तारेवर निघालं आहे ते मधूनच मागे घेता येत नाही. मालगाडी एकदा ब्लॉक सेक्शनमध्ये शिरली की मागून कोणतीही गाडी येवो, ती पुढच्या स्टेशनात पोचेपर्यंत सिग्नल लालच. (चालू पॅकेट मध्येच थांबवायची युक्तीही निघाली आहे, कारखान्यातल्या यंत्रांच्या नेटवर्कसाठी, पण ती या स्विचमध्ये नव्हती.)

मग सगळ्यांनाच सक्त प्राधान्य का देऊ नये? काकांनी रुग्णालयातल्या प्रत्येकाला विचारलं होतं की तुमचं काम किती घाईचं. बिलिंगचे गृहस्थ म्हणाले, "सबसे पहले बिलिंग." मोठ्या डॉक्टरांना कॅमेरे पहिले हवे होते. एक्स-रेवाले म्हणाले बॅकअप राहिला तर जबाबदार कोण. सगळ्यांना पहिला नंबर दिला म्हणजे पुन्हा कालचीच एक रांग झाली, फक्त तिला नाव मोठं. त्यावर काकांचा प्रश्न असा होता, "उशीर झाला तर काय बिघडतं?" बॅकअपला अर्धा तास उशीर झाला तर काहीच नाही. बिलाला दोन सेकंद उशीर झाला तर काउंटरवरचा माणूस दोन सेकंद उभा राहतो. कॅमेऱ्याचं चित्र जरा मागे पडलं तर चालतं, पण सतत अडखळलं तर रेकॉर्डिंगमध्ये भोकं पडतात. फोनला पाव सेकंद उशीर झाला तरी दोघं एकमेकांच्या वाक्यावर बोलायला लागतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत एका बाजूने १५० मिलिसेकंदांच्या आत आवाज पोचावा असं म्हटलं आहे. हा प्रश्न मला आवडला. यात कोण मोठा हे येत नाही, मोठ्या डॉक्टरांचे कॅमेरेसुद्धा सिस्टरच्या फोनच्या मागे गेले.

सक्त प्राधान्याचा धोकाही आहे. वरची रांग कधी रिकामीच झाली नाही तर खालचे उपाशी मरतात. दुर्गवरून फक्त एक्स्प्रेस सोडत बसले तर भिलाईच्या भट्ट्यांना खनिज कोण देणार? भट्टीला तर विझून चालत नाही. म्हणून सक्त रांग फक्त फोनची, आणि तिच्यावरही १० मेगाबिटचं टोपण. बाकीच्या तीन रांगांना पाळीने वाटा, पण वाटा सारखा नाही. कॅमेऱ्यांची ८ पॅकेटं, ऑफिसची ४, मग बॅकअपचं आणि पाहुण्यांचं १. कोणाच्या रांगेत काही नसेल तर त्याची पाळी पुढच्याला मिळते, जागा फुकट जात नाही.

चिठ्ठीवरच्या तीन बिटांत फोनला ५ दिले, कॅमेऱ्यांना ४, ऑफिसला ०. बॅकअपला काकांनी १ दिला तेव्हा मी म्हटलं, "काका, १ तर ० पेक्षा मोठा ना?" इथे एक विचित्र नियम आहे. ज्याला कोणी काही सांगितलं नाही तो ०, आणि १ म्हणजे "मला मुळीच घाई नाही", म्हणून तो शून्याच्याही खाली. ज्यांनी हे ठरवलं त्यांनी आधी गणिताच्या मास्तरांना विचारायला हवं होतं. आणि बघा, बिलिंग आणि एक्स-रेचा कॉम्प्युटर दोघेही व्हीलॅन १० मध्येच, तरी एकाचं प्राधान्य ० आणि दुसऱ्याचं १. हाऊस एक, घाई वेगळी. चिठ्ठीवर दोन रकाने का आहेत ते इथे कळतं.

हे सगळं लावायचं कुठे, हाही प्रश्न आहे. रांग जिथे लागते तिथे. जुन्या इमारतीच्या स्विचच्या चोविसाव्या पोर्टवर, बाहेर जाणाऱ्या दिशेला. नव्या इमारतीच्या स्विचवर कितीही प्राधान्य लिहिलं असतं तरी तिथे पोचेपर्यंत पॅकेट आधीच टाकलेलं असतं. आणि चिठ्ठीवर विश्वास कोणाच्या ठेवायचा? फोन आपल्या पॅकेटवर स्वतःच ५ लिहून पाठवतो. तसं कोणताही लॅपटॉपवाला लिहू शकतो. मेसच्या रांगेत "मला सरांनी पुढे पाठवलंय" म्हणणारे असतातच की. म्हणून फक्त फोनच्या पोर्टवर आलेली चिठ्ठी खरी मानायची. बाकी पोर्टवर यंत्राने काहीही लिहिलेलं असो, स्विच ते पुसून आपला आकडा लिहितो.

त्या रात्री अकराला मी वॉर्डातल्या फोनवरून एक ते शंभर आकडे मोजले आणि पलीकडे डॉक्टरांनी कागदावर खुणा केल्या. आदल्या रात्री अकरा आकडे गळले होते. या रात्री शंभरही पोचले. काकांनी स्विचचं आकडेवारीचं पान उघडून दाखवलं. बॅकअपच्या रांगेत टाकून दिलेल्या पॅकेटांची संख्या डोळ्यांसमोर वाढत होती, फोनच्या रांगेत शून्य. म्हणजे रस्ता अजूनही तेवढाच भरलेला होता, टाकून देणंही थांबलेलं नव्हतं. फक्त काय टाकायचं हे आता ठरलेलं होतं. बॅकअप पूर्वीपेक्षा पाऊण तास उशिरा संपला. सकाळपर्यंत कोणी विचारलंसुद्धा नाही.

शेवटी सगळ्यांचा नेहमीचा प्रश्न. रविवारी घरी व्हिडिओ कॉल लावतो तो अडकतो, तर लॅबच्या स्विचवर त्याला ५ देऊन टाकला तर? आपल्या इमारतीतल्या तारेवर गर्दी असेल तर फरक पडेल. पण ती चार बाइटची चिठ्ठी राउटरपर्यंतच जाते, तिथे ती काढून टाकतात. आयपी पत्त्याच्या भागात सहा बिटांचा दुसरा एक आकडा असतो, आवाजासाठी सहसा ४६. तो पुढे जातो खरा, पण सामान्य इंटरनेटवर कंपन्या त्याला मान देतीलच असं नाही. आपल्या फाटकाबाहेर पडल्यावर माझा कॉल दुर्गपर्यंत सगळ्यांच्या रांगेतूनच जातो. आपल्या हातात फाटकापर्यंतची गर्दी आहे, आणि रविवारी चार ते सहा या वेळात लॅबमधला कोणता कॉम्प्युटर काय डाउनलोड करतो आहे, ते बघायला स्विचचं आकडेवारीचं पान पुरतं.